चाकाला बोट

चार वाजता दीर येऊन तिच्या गेलेल्या नवऱ्याचं वाफेचं छोटं इंजिन घेऊन जाणार होता. "वहिनी, तुम्हाला ते चालवता येत नाही, नुसतं धूळ खात पडेल. माझ्याकडे निदान काचेच्या कपाटात दिसेल तरी," फोनवर म्हणाला होता.

"आणि चालवता आलं तर?"

तो मनापासून हसला. "मग तुमचंच!"

म्हणून जेवण झाकून ठेवून ती टेबलाशी बसली. इंजिन वीतभर: पितळी बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, शेजारी एकच सिलिंडर आणि जड चाक. नवरा दर रविवारी तिच्याकडे पाठ करून ते चालवायचा. तिनेही कधी डोकावलं नाही. घरात कुकर होता, तेवढी वाफ तिला पुरे होती.

तिने पाणी भरलं, दिवा लावला. बॉयलर कुरकुरला, वाफ फुसफुसली, टेबलावर गरम थेंब पडले. चाक ढिम्म.

"खाऊन-पिऊन झालं ना? मग चल की!"

तिने तेल घातलं, वात वर केली, फोटोतल्या नवऱ्याला दोन शब्द सुनावले. ढिम्म.

वैतागून चहा केला. उचलताना सवयीने कपाच्या कानाकडे लक्ष गेलं. रविवारी तिथे हटकून काळा डाग असायचा. "तेलाचे हात पुसा हो!" ती ओरडायची. पण डाग कायम एकाच बोटाचा. तेल घालायला तर चोचीची कुपी होती. मग हे एकच बोट कुठे लागायचं?

कप ठेवून तिने चाकाच्या कडेला बोट लावलं, ढकललं. सिलिंडर पाणी थुंकला, चाक उलटं फिरलं. पुन्हा, जरा जोरात. टकटक, टकटक, आणि चाक सुटलं ते सुटलंच. सिलिंडरमधला दांडा टोकाला जाऊन बसला की वाफेला एकटीला तो हलवता येत नव्हता. पहिला धक्का बाहेरूनच लागायचा.

दीर दारातच थबकला. "कुणी शिकवलं?"

"तुमच्या भावानं."

"कधी?"

"आत्ताच."

तो चाकाकडे बघत उभा राहिला, मग आणलेलं रिकामं खोकं काखोटीला मारून निघून गेला.

स्पिरिट संपलं. चाक दमत दमत थांबलं, आणि घर पुन्हा पहिल्यासारखं गप्प झालं. तिने गार चहा उचलला. कपाच्या कानावर काळं बोट उमटलं.

"तेलाचे हात पुसा हो," ती म्हणाली. उत्तर यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढी थांबली. मग स्वतःच फडक्याला हात पुसले.