माझ्या दांड्यावरच्या तीन खाचा

मी एक लाकडी चिमटा. तोंड उघडायचं नि मिटायचं, जन्मभर एवढंच केलं. आज जरा बोलायला उघडतोय.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या चांदीच्या खाणीतली नोकरी संपल्यावर माझ्या मालकानं, मर्वनं, मला परसातल्या बाभळीच्या फांदीतून तासून काढलं. आधी मी टोस्ट उलटायचो. त्यात एक टोक करपलं, ते अजून काळं आहे. मग घरात पाळायला दाढीवाला सरडा आला, आणि मी त्याला झुरळं भरवू लागलो. स्वयंपाकघरातली नव्हेत हो. त्यांच्या अंगावर कुठल्या विषारी औषधाचा फवारा बसलेला असतो, कोण जाणे. मर्व खोक्यात वेगळी पाळतो, गाजर घालून.

पहिला सरडा पिल्लूच होता. मर्वनं मायेपोटी त्याला सगळ्यात मोठं झुरळ दिलं. माझ्याच तोंडानं दिलं. त्यानं गिळलं, पण पचलं नाही. चौथ्या दिवशी तो गेला.

दुसरं पिल्लू आणलं, तेव्हा त्यानं आधी सुरी काढली. सरड्याला पचणारा घास त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढाच, म्हणून पिल्लाचं ते अंतर दोऱ्यानं मोजलं नि तेवढीच खाच माझ्या दांड्यावर पाडली. झुरळ खाचेपेक्षा लांब भरलं, की परत खोक्यात.

हे पिल्लू दाढी फुगवून, मान हलवून हुकूम सोडल्यासारखं करायचं. मर्वनं नाव ठेवलं मुकादम.

मर्वची बायको युना हसायची. "माझ्याशी लग्न करताना एवढी मापं काढली नव्हतीस!"

"तुला थोडंच गिळायचं होतं?"

"माझी चाळीस वर्षं गिळलीस की!"

सहा महिन्यांनी दुसरी खाच पडली. दीड वर्षानं तिसरी. पुरं वाढलेलं झुरळ तिच्यात बरोबर बसलं. तरी मर्व आठवडाभर देईना.

"अरे म्हाताऱ्या, मापात बसलंय ना? मग दे की!" युना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम त्याच्या उबेच्या दिव्याखाली चांगला शेकला. मर्वनं झुरळ कॅल्शियमच्या भुकटीत घोळवलं आणि मला पुढं केलं. मुकादमानं झेप घेतली. टक्! तोंड माझं रिकामं.

दोन दिवस मर्वचा चहा कपातच गार झाला. तिसऱ्या दिवशी युना ओरडली, "मर्व, धाव! मुकादमानं केली!"

"काय केली?"

"शी रे, आणखी काय! पचलं त्याला! ये, बघ तरी!"

मर्व वाकला. खाणीत चांदीची शीर लागल्यावर माणूस बघतो, तसा बघत राहिला. मग त्यानं चहा मागितला. गरम.

आता मी दिव्याजवळच्या खिळ्यावर असतो. मुकादमानं न खाल्लेलं झुरळ मीच त्याच्या पेटीतून उचलून आणतो, नाहीतर तेच सरड्याला कुरतडायचं. चौथी खाच काही पडायची नाही. मुकादम वाढायचा तेवढा वाढला.

तुम्ही कधी कुणा लहानग्याला भरवायला बसलात, तर आधी त्याचं तोंड बघा. घास मग करा.