मेलेल्या तारा

एमरीने गिटार पेटीतून काढली, काउंटरवर आडवी ठेवली आणि सहाही तारांवरून एकदा अंगठा ओढला.

"ऐक. याही मेल्या."

ग्लेनिस एका बँजोचं कातडं ताणून बसवत होती. तिने हातातली किल्ली खाली ठेवली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मंगळवारी बसवल्यात मी. या हातांनी."

"म्हणून तर तुझ्याकडेच आलो. दुसऱ्या कुणी बसवल्या असत्या तर त्याच्या डोक्यात घातली असती."

तिने फडकं घेऊन तारा खालून वरून पुसल्या. फडकं पांढरं स्वच्छ राहिलं. तारा दुकानाच्या उजेडात पिवळ्याधमक दिसत होत्या. मग तिने सर्वांत बारीक तार बोटाने छेडली. एमरीला ती थरथरताना दिसली. आवाज मात्र उशीवर टिचकी मारावी तसा आला. ग्लेनिस तार थांबेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली.

"मेली की नाही?" एमरी म्हणाला.

"पाकीटच खराब निघालं असेल," ती म्हणाली. "आजकाल काही नेम नाही."

एमरीच्या घामाची ख्याती त्या खोऱ्यात सगळीकडे होती. आंबट, खारट, तारा खाणारा घाम. नवी कोरी ब्राँझची तार त्याच्या बोटांखाली आठवडाभरात काळी पडायची. ग्लेनिसचे वडील दुकानात बसत तेव्हा म्हणायचे, या माणसाच्या घामावर माझं घर चालतं. त्यामुळे तारांचा आवाज बसला की एमरीला कधी दुसरं कारण शोधावं लागलं नाही. तारा मेल्या, नव्या घाला. आयुष्यभर हेच केलं होतं.

फर्निचरच्या कारखान्यात तो रंधायंत्रावर होता. ओकच्या फळ्या त्या यंत्रात शिरताना अशा किंचाळायच्या की जेवणाच्या सुट्टीतही माणसं एकमेकांशी खुणांनीच बोलायची. कारखाना बंद झाला, यंत्रं भंगारात गेली, पण ती किंकाळी बारीक होऊन एमरीच्या डोक्यात राहिली. गेल्या वर्षी बायकोने, मॅव्हिसने, त्याला ओढून डॉक्टरकडे नेलं. तिथून कानात घालायचं यंत्र मिळालं. ते घालून तो पहिल्यांदा मेव्हण्याच्या, लॉनीच्या, फिडलसमोर, म्हणजे व्हायोलिनसमोर, बसला तेव्हा पत्र्यावर पत्रा घासल्यासारखं काहीतरी कानात शिरलं. त्याने यंत्र काढून मोज्यांच्या खणात टाकलं. तेव्हापासून बोलणं नीट ऐकू येत नाही हे तो चारचौघांत हसून सांगायचा. वाजवलेलं ऐकू येत नाही, हे मात्र त्याने अजून स्वतःलाही सांगितलेलं नव्हतं.

"कोटिंगच्या लावून बघा या वेळी," ग्लेनिस म्हणाली. "वरून पातळ थर असतो. घाम आत शिरत नाही. कितीतरी दिवस जशाच्या तशा राहतात."

"हातमोजे घालून कणीक मळायची होय?"

"सगळे लावतात आता."

"तुझा बाप असता तर असल्या तारा दुकानात येऊ दिल्या नसत्या त्याने."

"त्यांनीच तर आणल्या पहिल्यांदा. नावं फक्त तुमच्यासमोर ठेवायचे. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून."

एमरी हसला. मग तिच्यासाठी पुन्हा एकदा तारांवर अंगठा ओढून त्याने मान हलवली.

"साध्या तारेला एक धार असते, पोरी. पहाटे थंडगार पाण्याचा हबका मारावा तशी. ती थराखाली मरते."

"बहुतेकांना फरक कळतसुद्धा नाही."

"मला कळतो."

"हो?"

तिने सहजच विचारलं असेल. पण एमरीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"हो म्हणजे? दोन गिटारी काढ. एकीवर साध्या, एकीवर कोटिंगच्या. मी पाठ करून उभा राहतो. कुठली कुठली ते सांगतो."

"कशाला उगाच? शनिवारचं नाच-गाणं तोंडावर आलंय तुमचं. मी दुसरं पाकीट उघडते..."

"घाबरलीस?"

 ग्लेनिसने भिंतीवरून एकाच बनावटीच्या दोन गिटारी उतरवल्या. गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठीच त्या ठेवलेल्या होत्या. कोटिंगच्या तारांची ओळखू यावी म्हणून त्या गिटारीच्या डोक्याला, खुंट्यांपाशी, लाल लोकरीचा धागा बांधलेला होता. ती स्टुलावर बसली आणि दोन्ही बाजूंना एकेक टेकवून ठेवली. एमरीने बघून घेतलं. लोकरीची आपल्या डाव्या हाताला, साधी आपल्या उजव्या हाताला. मग तो खिडकीकडे वळला.

रस्त्यापलीकडे मोजे विणण्याची जुनी गिरणी होती, खिडक्यांना फळ्या ठोकलेली. तिच्या काळपट भिंतीमुळे काचेत दुकानाचं आतलं प्रतिबिंब धूसर उमटत होतं. ते बघायचं एमरीच्या मनात नव्हतं. खरोखर नव्हतं. त्याने डोळे मिटले होते.

"ही पहिली," ग्लेनिस मोठ्याने म्हणाली.

त्याने कान दिले. दूरच्या खोलीत कुणीतरी फरशीवर पोतं टाकावं, पुन्हा उचलून टाकावं, असं काहीतरी आलं.

"ही दुसरी."

तेच पोतं. तीच फरशी.

"पुन्हा," एमरी म्हणाला.

तिने पुन्हा वाजवलं. त्याने श्वास रोखून धरला. त्या आवाजाच्या वरच्या कडेला चांदीची किनार असायला हवी, एवढं त्याला नीट आठवत होतं. एकीला असायला हवी, दुसरीला जरा कमी. तो ती किनार शोधत राहिला आणि तिच्या जागी फक्त ओकच्या फळ्या किंचाळत होत्या. त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली.

"आणखी एकदा. शेवटचं."

या वेळी त्याने डोळे उघडले. काचेत ग्लेनिसची आकृती एका बाजूला वाकली, वाजवून झालं. मग दुसऱ्या बाजूला वाकली. लोकर काही दिसली नाही, पण ती कुठल्या बाजूला वाकली ते दिसलं. दुसऱ्या वेळी, उजवीकडे.

"दुसरी," एमरी म्हणाला. आवाज पुरेसा बेफिकीर निघाला. "दुसरी साधी. आंधळासुद्धा सांगेल."

"बरोबर," ग्लेनिस म्हणाली.

लगेच म्हणाली. तो वळला. तिच्या मांडीवर दुसरी गिटार अजून तशीच होती आणि त्या गिटारीच्या डोक्याला लाल लोकर लोंबत होती.

पाठ फिरवली की उजवं डावं होतं. एवढी साधी गोष्ट.

ग्लेनिसच्या लक्षात आलं तेव्हा तिने हात वर नेऊन धागा मुठीत घेतला, जणू गिटार उचलायला पकडतेय. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. बाहेरून एक लाकूड वाहणारा ट्रक गेला, त्याची घरघर एमरीला तळव्यांतून समजली.

"कान शाबूत आहेत म्हणायचे," तो म्हणाला.

"आहेत की."

"कोटिंगच्या दे."

तिने का म्हणून विचारलं नाही. पाकीट उघडलं, जुन्या तारा सैल केल्या, एकेक काढून गुंडाळली. नव्या चढवताना ती प्रत्येक तारेला कान लावत होती, खुंटी थोडी पिळत होती, पुन्हा कान लावत होती. एमरी ते डोकं खाली-वर होताना बघत राहिला. कुणी जेवताना उपाशी माणसाने बघू नये तसं आपण बघतोय, असं वाटून त्याने नजर भिंतीकडे वळवली.

"तुझ्या बापाला कळला असता फरक?" त्याने विचारलं.

"त्यांना ना, शेवटी शेवटी..." ती थांबली. मग खुंटीकडे बघत म्हणाली, "त्यांनाही घाम फार यायला लागला होता."

शनिवारी दुपारी आगीच्या बंबखान्याच्या हॉलमध्ये नेहमीसारखी माणसं जमली. बंब बाहेर उन्हात उभा केलेला, आत टेबलांवर घेवड्याची उसळ, मक्याचा पाव, हॅमची सँडविचं. तळाला नाल ठोकलेले बूट घालून आलेली म्हातारी मंडळी आधीच लाकडी फळ्यांवर पाय आपटून बघत होती. मंचावर लॉनी फिडल घेऊन, टेसा बँजो घेऊन आणि मधल्या खुर्चीवर एमरी. या खोऱ्यात म्हणायचे, फिडल नाचवते खरी, पण पाय पडतात ते एमरीच्या उजव्या हाताच्या तालावर. त्याला ते माहीत होतं. कारखाना गेल्यापासून त्याच्याजवळ माहीत असण्यासारखं तेवढंच होतं.

"काय गड्या, नव्या तारा?" लॉनी त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाला. "नव्या नवरीसारखी चमकतेय की."

"कोटिंगच्या."

"तू? कोटिंगच्या?" लॉनी खो खो हसला. "टेसा, पाऊस पडणार बघ आज!"

वाजवताना एमरी नेहमी डोळे मिटायचा. त्या दिवशी त्याने ते उघडे ठेवले. आवाजावर विसंबण्यात अर्थ नव्हता, म्हणून तो बघत होता. लॉनी त्याच्या खुर्चीला अगदी खेटून उभा राहतो आणि टाच खुर्चीच्या पायाजवळ आपटतो, हे त्याला दिसलं. गेल्या हिवाळ्यापासून लॉनी असं करत होता; तो पिऊन येत असेल, असं एमरीने धरलं होतं. प्रत्येक ठोका फळीतून, खुर्चीतून त्याच्या कण्यात चढत होता. न चुकता, तालावर.

मग त्याला मॅव्हिस दिसली.

हॉलच्या मागे, फळं भरून भाजलेल्या पाईच्या थाळ्या मांडलेल्या टेबलाशेजारी, मंचावरच्या माइकांचे आवाज कमी-जास्त करायची पेटी घेऊन ती बसली होती. हे काम ती वर्षानुवर्षं करत आलेली. सुरू करायच्या आधी तिने त्याला खूण केली, त्याने तारा छेडल्या, तिने मान हलवून अंगठा उंचावला. नेहमीचंच. लॉनीने गज उचलला. आणि शेजारणीशी बोलता बोलता, पेटीकडे न बघता, मॅव्हिसने एक बटण पकडून हळूहळू पूर्ण डावीकडे फिरवलं. दूध वर येताना गॅस बारीक करावा, तितक्या सवयीने.

कुठलं बटण ते एमरीला माहीत होतं. त्यावर त्याच्याच हाताने चिकटपट्टीवर लिहिलेलं त्याचं नाव होतं.

तो वाजवत राहिला. एकामागून एक गाणी झाली. माणसं नाचली, घामेजली, पाणी प्यायला गेली, परत आली. मधल्या सुट्टीत एका बाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी छान म्हटलं. तिच्या ओठांवरून ते छान असावं. मॅव्हिसने त्याला कागदी ताटलीत पाव आणून दिला. त्याने तो खाल्ला. ताटलीतला चुरासुद्धा बोटाने टिपून खाल्ला, कारण ती समोर उभी होती.

शेवटचं गाणं सगळ्यांत वेगाचं असायचं. हॉलमधला प्रत्येक माणूस त्यात उतरायचा. लॉनीने टाच आपटून सुरुवात दिली, टेसाची बोटं पळायला लागली. एमरीने डाव्या हाताची चारही बोटं तारांवर आडवी टेकवली आणि तशीच ठेवली, झोपलेल्या माणसाच्या तोंडावर चादर ओढावी तशी. उजवा हात वर-खाली चालू ठेवला. तारा हलूच शकत नव्हत्या. एकही सूर निघत नव्हता. निघाला असता तर तो कुणालाच ऐकू आला नसता, त्याच्यासकट.

त्याने वाट बघितली. एखादा पाय चुकेल. एखादं डोकं मंचाकडे वळेल. टेसा भुवया उंचावेल.

नाल ठोकलेले बूट पडत राहिले. फळ्या दणाणत राहिल्या. पुढच्या रांगेतला एक म्हातारा हात कमरेवर ठेवून, मान ताठ, इतका सुरेख नाचत होता की क्षणभर एमरीही बघत राहिला. लॉनीची टाच खुर्चीपाशी पडत होती. आता त्याला सांभाळण्यासारखं काहीही उरलेलं नाही, हे लॉनीला कळलं नव्हतं. एमरीचा उजवा हात गाणं संपेपर्यंत थांबला नाही. टाळ्या पडल्या तेव्हा लॉनीने त्याच्या पाठीवर थाप मारली, टेसाने पुढे वाकून मान लववली, आणि त्याने टोपी उचलून सगळ्यांना दाखवली.

परतताना पिकअप तोच चालवत होता. दोन्ही बाजूंना नाताळसाठी लावलेल्या झाडांच्या रांगा होत्या आणि त्यांच्या सावल्या रस्त्यावर आल्या होत्या. मॅव्हिसच्या मांडीवर उरलेल्या पाईची थाळी होती.  मग तिने मान पूर्ण त्याच्याकडे वळवली आणि हल्ली त्याच्याशी बोलताना बोलायची तसं, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाली,

"आज छान झालं."

"हो?"

"शेवटचं तर फारच सुरेख वाजवलंस. किती दिवसांनी. तारा लागू पडल्या म्हणायच्या."

एमरीने तिच्याकडे बघितलं. ती हसत होती. डोळ्यांखाली थकवा दिसत होता, पण हसत होती, आणि थाळी दोन्ही हातांनी घट्ट धरून होती.

"कळला तुला फरक?" त्याने विचारलं.

"न कळायला काय झालं?" मॅव्हिस म्हणाली.

त्याने मान हलवली. पुढे चढ होता. त्याने गिअर बदलला.