माझी कोरी तारीख-चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी चित्रकथा आहे. आधीच सांगून ठेवते, माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही.

मला काढलं ते घरांचे नकाशे काढणाऱ्या एका माणसानं. मन इतकं खचलं होतं की अकरा दिवस तो अंथरुणातून उठलाच नव्हता. पुढे बरा झाल्यावर तेच दिवस त्यानं चौकटींत काढले. एक्केचाळिसाव्या पानावर तर नुसतं पांघरूण आणि बाहेर आलेली एक टाच! असलं काही कोण वाचणार, ही शंका मला छापतानाच आली होती.

वाचनालयात आले, तर ग्रंथपालबाईंनी चित्रं बघून मला छोट्यांच्या कपाटात टाकलं. एका आईनं तक्रार केली तेव्हा कुठे जिन्याखाली, मोठ्यांच्या पुस्तकांत जागा मिळाली.

तिथे रोज दुपारी एक बाई यायची. ग्रंथपालबाईंची भावजयच ती, समोरच्या शाळेत गणित शिकवायची. मला पाककृतींच्या जाड पुस्तकात लपवून उभ्याउभ्या वाचायची, तेही नेहमी तेच पान. पावलं वाजली की मला फळीवर कोंबायची. चोराच्या मनात चांदणं! मी म्हटलं, ही एक दिवस पान फाडणार, नाहीतर मला पिशवीत घालणार.

मग रद्दीचा दिवस आला. तीन वर्षांत कुणी घरी नेल्याचा एकही शिक्का मागच्या तारीख-चिठ्ठीवर नसेल, तर ते पुस्तक रद्दीत. माझी चिठ्ठी कोरी करकरीत.

"हिला काळं कुत्रं विचारत नाही," म्हणत ग्रंथपालबाई गठ्ठ्याला सुतळी बांधू लागल्या. तेवढ्यात ती आली.

"वन्सं, ते पुस्तक मला द्या."

"हे वेड्यांचं? कुणाला हवंय?"

आता ही मैत्रिणीचं नाव पुढे करणार, मला खात्रीच होती.

"मलाच. सकाळी उठवतच नाही हो मला. माझ्या नावावर चढवा."

ग्रंथपालबाईंचे हात थांबले. त्यांनी सुतळी सोडून मला उघडलं. एक्केचाळिसावं पान बोटं लागून लागून मळलं होतं.

"कधीपासून गं?" म्हणत त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे ओढली. "बस आधी."

त्या ही गोष्ट घरी बोलतील की काय, असा संशय मला पुष्कळ दिवस होता. पण अजून तरी बोललेल्या नाहीत.

मित्रांनो, मी त्या बाईवर उगाच आळ घेतला, त्याची मला लाज वाटते. कोरी चिठ्ठी पाहून कुठलंही पुस्तक रद्दीत टाकू नका. आणि कुणी लपून, उभ्याउभ्या वाचताना दिसलं, तर चोर समजू नका. त्याला आधी खुर्ची द्या.