न लागलेला फोन

मित्रांनो, तुमच्या घरातले फोन खिशात मावतात. मी मावत नाही. मी विटकरी रंगाचा, बटणांचा, गुंडाळलेल्या वायरचा जुना टेलिफोन आहे. हातखंब्याला महामार्ग सोडून आत वळलात की पुढे जांभ्या दगडाची दोन खोल्यांची इमारत दिसते. तेच आमचं महिला केंद्र. तिथल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, शिवणवर्गातून उरलेल्या कापडांच्या शेजारी मी असतो. माझी तार कापलेली आहे. मी वाजत नाही. तरी माझी हकिगत मला सांगायची आहे, कारण ती माझ्या एकट्याची नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे शेकडो जण पट्ट्यावरून पुढे सरकत होते. कुणी बँकेत गेले, कुणी पोलीस चौकीत, कुणी डॉक्टरांच्या टेबलावर. मी खोक्यातून बाहेर आलो तो आनंदीबाईंच्या समोर. आनंदीबाई म्हणजे या केंद्राच्या पहिल्या ताई. उंच, सावळ्या, बोलायला सावकाश. त्यांनी पदराने मला पुसलं, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं आणि रिसीव्हर उचलून घुमणारा आवाज ऐकला. मग जमलेल्या बायकांना त्या म्हणाल्या, "आजपासून आपल्याला कुणीही हाक मारू शकतं."

सुरुवातीची वर्षं फार आनंदाची होती. गावातले बरेचसे पुरुष मुंबईला कामाला. रविवारी सकाळी ते मला फोन करायचे आणि त्यांच्या बायका केंद्राच्या पडवीत येऊन बसायच्या. हाताला काम असायचंच. कुणी कोकमं फोडायची, कुणी मुलीच्या केसात तेल घालायची. मी वाजलो की सगळ्यांचे हात थांबत. नाव पुकारलं जाई आणि ती बाई पदर सावरत आत येई. नवरा दूर असला तरी फोनवर बोलताना ती डोक्यावर पदर घ्यायची, हे पाहून मला गंमत वाटायची. माझ्या रिसीव्हरला खोबरेल तेलाचा वास लागला होता. दसऱ्याला शिलाई मशीनबरोबर मलाही झेंडूचं फूल मिळायचं.

पण केंद्र काही एवढ्यासाठी नव्हतं. तिथे शिवण शिकवायचे, आंबापोळी आणि कोकमाचं आगळ करायला शिकवायचे, रक्त तपासायला नर्सबाई यायच्या, गुरुवारी रत्नागिरीहून वकीलबाई यायच्या. आणि ज्यांना घरात त्रास होता, त्यांच्यासाठी मी होतो. आनंदीबाईंनी माझा नंबर आसपासच्या गावांत एसटीच्या निवाऱ्यांवर, शाळांच्या कुंपणांवर, रेशन दुकानांच्या भिंतींवर मोठ्या निळ्या आकड्यांत रंगवून घेतला. खाली लिहिलं होतं : 'बाई, अडचण असेल तर फोन कर.'

ते फोन वेगळे असत. त्यांत आवाज खालचा असे. बोलता बोलता मधेच कुणीतरी आलं की ती बाई एकदम म्हणे, "नको, आज मासळी नको," आणि फोन ठेवून देई. आनंदीबाईंना ते समजायचं. गणपतीत असे फोन यायचे नाहीत, घरं पाहुण्यांनी भरलेली असायची. पाहुणे परतले की मी पुन्हा वाजू लागायचो.

एका पावसाळ्यात असाच एक फोन येऊ लागला. पलीकडे कुणी बोलायचंच नाही. फक्त श्वास ऐकू यायचा आणि लांबून कोंबड्यांचा आवाज. दुसऱ्या कुणी रागावून फोन ठेवला असता. आनंदीबाई ठेवत नसत. त्या खुर्चीत नीट बसत आणि म्हणत, "मी आहे हं इथे. तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस." मग आज केंद्रात काय झालं ते त्या सांगत. कुणाचं पोलकं उसवलं, कुणाची आंबापोळी पावसाने भिजली. पलीकडची व्यक्ती ऐकत राही.

असे बरेच फोन झाले. आणि मग एका दुपारी पलीकडून अगदी बारीक आवाज आला.

"ताई, तुम्ही मला न्यायला याल?"

ती वैष्णवी. पावस गावाकडची मुलगी, लग्न होऊन आमच्या भागात आलेली. सासरी तिला कोंडून ठेवत, उपाशी ठेवत. शेजारीण बाजारात गेली की ती परसदारातून निसटून तिच्या घरात शिरायची आणि फोन करायची. आनंदीबाई रिक्षा घेऊन, गावच्या पोलीस पाटलांना सोबत घेऊन गेल्या आणि तिला घेऊन आल्या. दारात आली तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिलं. "हाच का तो?" एवढंच तिने विचारलं.

वैष्णवी माहेरी परतली नाही. ती केंद्रातच राहिली, शिवण शिकली, मग शिकवू लागली. वकीलबाईंच्या मदतीने तिची सोडचिठ्ठी झाली. पुढे आनंदीबाईंची नजर अधू झाली आणि त्या आपल्या लेकीकडे दापोलीला राहायला गेल्या. तेव्हा त्यांच्या खुर्चीत वैष्णवी बसली. ती मला पहिली घंटी पुरती वाजू देत नसे. हातातली कात्री टाकून धावत यायची.

मित्रांनो, माझे चांगले दिवस इथवरच होते.

घरोघरी मोबाइल आले. रविवारी पडवी रिकामी राहू लागली. पावसात माझी तार तुटायची आणि ती जोडायला माणूस येईपर्यंत मी गप्प बसायचो. केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात ठरलं की आता केंद्राला मोबाइल द्यायचा, लँडलाइनची गरज नाही. ठरवणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. मोबाइल वैष्णवीबरोबर गावोगाव फिरू शकत होता, मी टेबल सोडू शकत नव्हतो. एक माणूस आला, त्याने भिंतीपाशी माझी तार कापली आणि टोक गुंडाळून ठेवलं. वैष्णवीने माझ्यावर भरतकामाचं एक आच्छादन घातलं. ती मला टेबलावरून हलवायला तयार नव्हती.

भिंतींवरचा नंबर मात्र तसाच राहिला. तो बदलायचा हे सगळ्यांच्या लक्षात होतं. बैठकीत विषय निघाला की कुणी म्हणे, पाऊस सरू दे, ओल्या भिंतीवर रंग धरत नाही. पाऊस सरला, तर आंब्याची कामं आली. मग शिमगा आला. वैष्णवीने दोनदा रंगाचा डबा आणायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा दुसरंच काही तातडीचं निघालं. केंद्रात तातडीचं काम कधी नसतं? नव्या मोबाइलवर फोन येतच होते, त्यामुळे जे येत नव्हते ते कुणाला कळले नाहीत.

एका सकाळी एक म्हातारी बाई पडवीत आली. शिवणवर्ग भरलेला होता. तिने चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्यातच बसली. पाणी दिलं ते तिने घेतलं नाही. वैष्णवी तिच्यासमोर जाऊन खाली बसली.

बाई म्हणाली की ती सगुणाची आई. सगुणा म्हणजे खालच्या गावात दिलेली तिची लेक. जावई दारू पिऊन मारायचा. त्याने तिचा मोबाइल काढून घेतला होता. एका संध्याकाळी सगुणा गावच्या निवाऱ्यासमोरच्या दुकानात आली. दुकानदार आप्पांकडे तिने फोन मागितला. आप्पांनी दिला. समोरच्या भिंतीवरचे निळे आकडे एकेक वाचत तिने नंबर लावला. फोनमधून बाईचा आवाज आला, हा क्रमांक अस्तित्वात नाही. आपलंच काही चुकलं असेल असं वाटून तिने पुन्हा आकडे वाचले आणि पुन्हा लावला. मग फोन आप्पांच्या हातात देऊन म्हणाली, "असू दे," आणि घरी गेली. त्याच संध्याकाळी नवऱ्याने तिला एवढं मारलं की रत्नागिरीला दवाखान्यात नेलं तरी ती वाचली नाही. नवरा तुरुंगात आहे, खटला चालू आहे. फोनचं सगळं आप्पांनी रडत रडत आईला सांगितलं होतं.

शिलाई मशीनं केव्हाच थांबली होती. म्हातारी भांडायला आली नव्हती. तिने खोलीत सगळीकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"बाय गो, तोच काय तुमचा फोन?"

वैष्णवीने मान हलवली.

"तो वाजला व्हता काय?"

मित्रांनो, मी आयुष्यभर माणसांचं बोलणं ऐकलं, पण या प्रश्नाएवढं जड काही माझ्या कानावर आलं नाही. खोलीतल्या सगळ्या बायका खाली बघू लागल्या. वैष्णवी उठली, माझ्यावरचं आच्छादन तिने काढलं आणि माझी कापलेली तार म्हातारीला दाखवली. "नाही मावशी," ती म्हणाली. "वाजला नाही. तार तोडली होती. भिंतीवरचा नंबर आम्ही बदलायला हवा होता. आम्ही बदलला नाही."

म्हातारीने तार हातात घेतली. टोकावरून बोट फिरवलं.

"मंग तुमी होतात इथं?"

"होतो."

"उचलला असतात तुमी."

म्हातारी पुढे म्हणाली, "तिला वाटला आसंल, कोनच न्हाय." मग तिने माझा रिसीव्हर उचलला आणि कानाला लावला. माझ्यात काही नव्हतं, साधी घरघरही नव्हती. तिने बराच वेळ ऐकलं. मी कुठे आवाज देऊ शकत होतो? एका कोंडलेल्या मुलीला मी घराबाहेर आणलं होतं. आता तिच्याच टेबलावर, दुसऱ्या मुलीच्या आईच्या कानाशी, मी नुसतं प्लॅस्टिक होतो. तिने रिसीव्हर अगदी हळू जागेवर ठेवला, झोपलेल्या मुलाचा हात खाली ठेवावा तसा, चपला घातल्या आणि निघाली. वैष्णवी एसटीपर्यंत सोबत गेली.

बातमी दापोलीला पोचली आणि आनंदीबाई लेकीचा हात धरून एसटीने आल्या. त्यांना आता माणसांचे चेहरे नीट दिसत नव्हते. वैष्णवी त्यांच्या मांडीत डोकं घालून रडली. मला न्यायला माणूस आलं होतं, तिला का नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आनंदीबाईंनी तिला समजावलं नाही. तुझी चूक नाही, असंही म्हणाल्या नाहीत. तिचं रडू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "आता रंग आण."

त्या दिवसापासून शिवणवर्गाच्या मुली आणि वैष्णवी गावोगाव फिरल्या. प्रत्येक भिंत चुन्याने पांढरी केली आणि त्यावर नवा नंबर लिहिला. लिहून झालं की तिथेच उभं राहून तो लावून बघायचा, मोबाइल वाजतो याची खात्री करायची आणि मगच पुढच्या गावाला जायचं, असा वैष्णवीने नियम केला. आप्पांच्या दुकानासमोरच्या भिंतीशी म्हणे आप्पा स्वतः शिडी धरून उभे होते. काम संपल्यावर वैष्णवीने मला कपाटात ठेवलं. मला तिचा राग आला नाही. रोज माझ्याकडे पाहणं तिला जमत नव्हतं.

कपाटाच्या दारातून मला बाहेरचं ऐकू येतं. मोबाइल वाजतो. कात्री खाली पडते, चपलांचा आवाज धावत येतो. तेवढं ऐकलं की मला थोडं बरं वाटतं. थोडंच. कारण भिंतीवर नवा नंबर आला, पण सगुणा आली नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा असं मी तुम्हाला सांगणार नाही. जुनी वस्तू कपाटात गेली तर तिचं काही बिघडत नाही. पण तुम्ही कुणाला 'अडचण आली तर मला हाक मार' असं म्हटलं असेल, तर ते म्हटलेलं विसरू नका. तुमचं घर बदललं, नंबर बदलला, वेळ बदलली, तर आधी त्या माणसाला जाऊन सांगा. पावसाची, शिमग्याची वाट पाहू नका. ते माणूस कदाचित आजच दुसऱ्याचा फोन हातात घेऊन, एकेक आकडा जुळवत उभं असेल.

आणि फोन वाजला, पलीकडे कुणी बोललं नाही, तरी लगेच ठेवू नका. जरा थांबा. तुम्ही तिथे आहात एवढं तरी त्याला कळू द्या.