बटण, मेन, दिवा

आमच्या माहितीपत्रकावरचं पहिलं वाक्य अंगदचं होतं : 'पिन लावा, पेटी चालू.' दुसरंही त्याचंच : 'मिक्सरइतकी सोपी.' त्याखाली मी तिसरं लिहिलं होतं, की बंद करण्याआधी पिवळं बटण दाबून एक मिनिट थांबावं. छपाईच्या आदल्या दिवशी त्याने ते काढून टाकलं.

"ताई, मिक्सरला कोणी विचारून बंद करतं का?"

आम्ही दोघं नांदेडला डाळ गिरण्यांसाठी ही पेटी बनवतो. तूर कोणाची आली, ओलावा किती होता, कोणत्या थप्पीत गेली, डाळ होऊन कोणत्या पोत्यांत भरली, हे सगळं तिच्यात राहतं. संगणक आणि प्रोग्राम आतच. वेगळं काही बसवायचं नाही, शिकायचं नाही.

लातूरच्या महादेवप्पांनी पहिली पेटी ठेवून घेतली ती एका अटीवर.

"तीस दिवस तुम्ही न येता चालली पाहिजे. मग बाकीच्या गिरणीवाल्यांना मीच सांगतो. आमच्या मिक्सरसाठी आजपर्यंत कोणी नांदेडहून आलं न्हाई."

दुसरी पेटी कोणी घेतलेली नव्हती. अंगदला पुण्याच्या एका नोकरीचं पत्र आलं होतं आणि उत्तर द्यायचं त्याने कसंबसं पुढे ढकललं होतं.

पहिल्या महिन्यात मी चार वेळा लातूरला गेले. दर वेळी बिघाड एकच : एखाद्या दिवसाची अख्खी नोंद फाटलेली, म्हणजे अर्धवट लिहिलेली आणि न उघडणारी. पेटी लिहीत असताना वीज गेली की असं होतं. त्यासाठीच आत छोटी बॅटरी होती, पण ती महादेवप्पांनी पहिल्याच दिवशी काढायला लावली. बारा वर्षांपूर्वी गिरणीला आग लागली होती, इन्व्हर्टरच्या बॅटरीची ठिणगी हवेतल्या डाळीच्या धुळीला लागून. या कारणाशी मला वाद घालता येईना. बारीक धूळ कशी पेट घेते ते मी शिक्षिका असताना स्वतः वर्गात शिकवलेलं होतं.

मी वायर बदलली. सॉकेट बदलला. धुळीची जाळी बदलली. शेजारच्या पिठाच्या गिरणीत विचारलं, तर नोंद फाटली त्या दिवशी वीज गेलीच नव्हती म्हणाले. महादेवप्पांना विचारलं, मेन कोणी बंद करतं का, तर ते म्हणाले, "गिरणी चालू असताना कोण करंल?" अंगद फोनवर म्हणाला, "प्रोग्राममध्येच काही असेल का, ताई?" प्रोग्राम मी लिहिला होता. तो चार वेळा ओळीन् ओळ तपासून झाला होता.

माझ्या प्रत्येक फेरीला महादेवप्पा तीस दिवस पुन्हा एकपासून मोजायचे.

चौथ्या फेरीनंतर मी पेटी कधी कधी अचानक बंद पडली त्या सगळ्या वेळा आलेख कागदावर मांडल्या. पेटी रोज बंद पडत होती. रोज एकदाच, दहा मिनिटांसाठी. नोंद फाटायची ती फक्त त्या क्षणी पेटीत वजनं उतरत असली तरच. महिन्याच्या सुरुवातीला सव्वासहा, शेवटी सहा. मधले ठिपके जवळजवळ एका रेषेत, दिवसाला अर्धं मिनिट अलीकडे सरकणारे. मी पंचांग काढून सूर्यास्ताच्या वेळा शेजारी लिहिल्या. रेषा तीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरला पोचले.

"आल्या का?" महादेवप्पा म्हणाले. "आधी चहा, का आधी पेचकस?"

"अप्पा, दिवेलागणीला इथं काय होतं?"

"दिवेलागणीला दिवा लागतो. नांदेडला काय होतं?"

त्यांची बायको, महादेवीबाई, गिरणीला लागूनच्या घरातून चहा घेऊन येत होती. ती थांबली.

"दिव्याआधी मी मेन पाडते की," ती म्हणाली. "आगीपासून. तवा तर आमच्या सासूबाईंनी नेम घातला, काडी ओढायच्या आधी मेन बंद, धूळ खाली बसू द्यायची, मग दिवा. मग पुन्हा चालू."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही मेन कोणी बंद करतं का, असं विचारलं," महादेवप्पा म्हणाले. "हा तर दिवा हाय."

मी चहा घेतला. मग पिशवीतून आलेखाचा कागद काढून समोर पसरला.

"पेटी सूर्यास्ताच्या आधी आपोआप बंद होईल असं करता येईल," मी शेवटी म्हणाले. पण तसं होणार नव्हतं, हे कागदावरच होतं. तीन ठिपके रेषेच्या बरेच खाली होते, वीस वीस मिनिटं आधीचे.

"ह्या तीन दिवशी काय होतं?"

महादेवीबाईने तारखा ऐकल्या. "आभाळ होतं. अंधारून आलं की लावते. मी काय घड्याळ बघून लावते व्हय?"

म्हणजे तिच्या डोळ्यांनी ठरणारी वेळ. ती प्रोग्राममध्ये घालता येत नाही. मी तिला पेटीजवळ नेलं आणि पिवळं बटण दाखवलं.

"आधी हे. शंभर आकडे मोजा. मग मेन. मग दिवा."

"म्हणजे हिला आधी निजवायची."

"हो."

"आन् मी गावाला गेल्यावर?"

"ज्या दिवा लावतील त्यांना सांगून जा."

महादेवप्पा हसत होते. "मिक्सरला शिकवणी लागून राहिली की ओ."

मग हसू आवरून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेला खूण केली. "आजपासून एक. आता आलात तर पेटी न्यायलाच या. आन् फोन पण न्हाई. फोन म्हणजे आल्यासारखंच."

चारच्या बसमध्ये अंगदचा फोन आला. मी सगळं सांगितलं.

"बटण दाबून शंभर मोजायचे?" तो म्हणाला. "मग ही 'पिन लावा, पेटी चालू' कशी, ताई? प्रत्येक गिरणीत जाऊन दिवा कोण लावतं ते विचारणार आहोत का आपण?"

"पुढच्या पेटीचं मी पुढे बघीन. तू पुण्याला तीस दिवस थांबा म्हणून कळव."

"ते थांबतील असं वाटत नाही."

मी फोन ठेवला. पिशवीतून माहितीपत्रक काढलं आणि दुसऱ्या वाक्यावर रेघ मारली. खाली माझं तिसरं वाक्य लिहायला घेतलं, पण बस हलत होती आणि अक्षर येईना.

अहमदपूर मागे पडलं तेव्हा पावणेसहा झाले होते. मागच्या काचेत आभाळ भरून येत होतं, लातूरच्या दिशेला जास्त. आज ती लवकर लावणार. कदाचित लावलाही असेल. गिरणीत या वेळेला वजनं चालू असतात. मी फोन हातात घेतला, महादेवप्पांचा नंबर काढला, आणि पडदा काळा होईपर्यंत तो तसाच धरून बसले.