जांभळा मका

कोंबडीखाद्याच्या कारखान्यात फाटकापाशी काम करणारा तो माणूस कोपरापर्यंत जांभळा होता. म्हणून त्याला सगळे जांभळ्या म्हणत. बायकोसुद्धा म्हणे, पण लाडात असली तरच. एरवी तिचं "अहो, त्या उशा बघा जरा" एवढंच चाले, कारण त्याच्या घामानं घरातली एकही उशी पांढरी राहिली नव्हती. त्याच्या आंघोळीचं पाणी ज्या गटारातून जाई, तिथल्या मांजरीला झालेली पिल्लं जांभळ्या मिशांची निघाली, असं गल्लीतली माणसं शपथेवर सांगत. मांजरीनं कधी नाही म्हटलं नाही.

काम साधंच होतं. मक्याचा ट्रक फाटकात आला की ताडपत्री ओढायची आणि माल गोदामात जायच्या आत त्याच्यावर पिचकारीनं जांभळं पाणी मारायचं. कोंबड्यांसाठी येणारा मका स्वस्तात मिळे, आणि पूर्वी कुणीतरी तो मागच्या दारानं वाण्याकडं पोचवला होता. तेव्हापासून नियमच झाला, की कोंबड्यांचं धान्य लांबूनच कोंबड्यांचं दिसलं पाहिजे. त्या पाण्यात किडीचं औषधही असे. माणसाला ते चालत नाही आणि कोंबडीला कसं चालतं, असं जांभळ्यानं एकदा साहेबांना विचारलं होतं.

"अरे, कोंबडी जगते किती?" साहेब म्हणाले. "तिला आजारी पडायला सवड कुठं आहे?"

पुलापलीकडच्या वस्तीत त्याची थोरली बहीण राहायची. नवरा कामाच्या शोधात गेला तो गेलाच. मागं ती आणि तिची लहानगी पोर. त्या वर्षी आसपासची शेतं करपली होती आणि पुलापलीकडच्या दुकानात दाणा येईनासा झाला होता. दुकानदार सकाळी शटर गुडघ्यापर्यंत वर करी, वाकून आत बघे आणि पुन्हा खाली ओढी, जसं काही रात्रीतून धान्य आपल्या पायांनी येऊन बसलं असेल. जांभळ्या आपल्या घरचं पीठ पिशवीत घालून निघे, पण पुलावरच पिशवी अर्धी होई. तिथली माणसं हात पसरत नसत. नुसती पिशवीकडं बघत, आणि त्या बघण्यानं पिशवीची गाठ आपोआप सुटे.

भाची इतकी हलकी झाली होती, की वारा सुटला की ताई तिच्या फ्रॉकच्या खिशात दगड घाली. मांजरीचं काय ते मांजर जाणे, पण हे दगड जांभळ्यानं डोळ्यांनी पाहिले होते.

अशाच एका सुट्टीच्या दुपारी तो जेवायला बसला आणि ताटातल्या तंगडीकडं बघतच राहिला.

"काय झालं? मीठ कमी आहे?" बायकोनं विचारलं.

"ही कोंबडी नाही गं," तो म्हणाला. "हा मका आहे. पोतंभर आत घालतो तेव्हा ही एवढीशी बाहेर पडते. मीच घालतो की."

"मग?"

"मग हिनं नाही खाल्ला, तर पोतं शिल्लक राहील. शिल्लक राहिलं की पुलापलीकडं जाईल."

बायकोनं त्याच्या ताटातली तंगडी उचलून आपल्या ताटात घेतली आणि शांतपणे म्हणाली, "ही तर मेलेलीच आहे. उद्यापासून सोडू."

आणि खरंच सोडली. त्यानंतर जांभळ्या दारोदार फिरला. लोक आधी हसले, पण पुलापलीकडं ज्याचं कुणी नाही असं घर त्या गल्लीत नव्हतं. शेवटी तो खाटकाकडं गेला. खाटीक त्याचा लहानपणापासूनचा दोस्त.

"म्हणजे तू मका वाचवणार," खाटीक सुरीला धार लावत म्हणाला. "आणि मी काय कापू? तुझं नाक?"

"थोडे दिवस भाजी विक."

"माझ्या बापानं भाजीला कधी हात लावला नाही. डॉक्टरनं सांगितलं तरी लावला नाही."

"तुझी सासू पलीकडंच असते ना?"

खाटीक बराच वेळ धार लावत राहिला. "असते," तो म्हणाला. "परवा भेटलो तर तिनं मला शिवीसुद्धा दिली नाही. तेव्हाच मला कळलं, की पाणी डोक्यावरून गेलंय."

दुसऱ्या दिवशी त्यानं हुकाला भोपळे टांगले.

मग जे झालं त्याची हकीकत त्या शहरात अजून रंगवून सांगतात. एका गल्लीचं बघून दुसरीनं मांस सोडलं, दुसरीचं बघून बाजारपेठेनं. खाटकाच्या दारातली कुत्री आधी रोडावली, मग विचारी दिसू लागली. कोंबड्यांच्या शेडमध्ये पहिल्यांदाच कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या. पेन्शनवाल्यांसारख्या संध्याकाळी रांगेनं फिरायला निघत आणि एकमेकींना गुडघ्यांबद्दल विचारत. शेडवाल्यांनी नवीन पिल्लं घेणं बंद केलं, मग खाद्य घेणं बंद केलं. कारखान्याची चक्की थांबली. खाद्याला गिऱ्हाईक नव्हतं तरी वर्षाचा करार होता, त्यामुळं मक्याचे ट्रक मात्र येतच राहिले आणि गोदाम छतापर्यंत भरलं.

मक्याचा तो डोंगर बघून जांभळ्याची छाती फुगली. सुट्टी होताच तो पळतच पूल ओलांडून बहिणीकडं गेला. ताई पोरीला मांडीवर घेऊन दारात बसली होती.

"ताई, झालं आता. कारखान्याला मका नकोय. गोदामात मावत नाही इतका पडलाय. आज ना उद्या तुमच्या दुकानात येईल."

ताईनं त्याच्याकडं पाहिलं. चेहऱ्याकडं नाही, हातांकडं.

"रंग न लावलेला आहे ना रे?" तिनं विचारलं.

जांभळ्यानं आपले हात उलटसुलट करून पाहिले.

ट्रक आला की त्याचा हात पिचकारीवर जाई. डोकं कुठंही असो. डोकं पुलापलीकडं भाचीपाशी असताना, दारोदार लोकांना पटवत असताना, खाटीक भोपळे कापत असताना, आलेल्या प्रत्येक ट्रकवर त्यानं मन लावून जांभळं पाणी मारलं होतं, एक दाणा कोरा सुटणार नाही असं. साऱ्या शहरानं पोट मारून वाचवलेला मका त्यानं आपल्या हातानं नासवला होता. साहेबांनी वेगळं काही सांगितलं नव्हतं, पण थांब असंही कुणी म्हटलं नव्हतं, आणि थांबायचं असतं हे त्या साऱ्या गल्लीत एकालाही सुचलं नव्हतं. ते सुचलं ताईला, जिला कुणी विचारलंच नव्हतं.

सकाळी तो साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

"गोदामातला मका पुलापलीकडच्या दुकानाला द्या, साहेब. धुऊन खातील."

"औषध आहे त्यात. कुणी दगावलं तर मला बेड्या पडतील."

"मग पुढचे ट्रक तरी मी कोरे सोडतो."

"पुढचे ट्रक आहेत कुठं?" साहेब म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो; दोन रात्री झोप नसल्यासारखा दिसत होता. "आपलं गिऱ्हाईक तुटलं म्हटल्यावर करार मोडला मक्याच्या व्यापाऱ्यांनी. मका बंदराकडं वळवलाय. तिकडं त्याचं इंधन करतात, मोटारीत घालतात."

"पण माणसं उपाशी आहेत."

"उपाशी माणूस म्हणजे गिऱ्हाईक नव्हे रे. मका काय भूक बघून वळतो? तुम्ही कोंबडीच्या तोंडचा काढलात तो मोटारीच्या तोंडी गेला. पुलापलीकडं जायला त्याला कुणी रस्ताच केलेला नाही."

जांभळ्यानं घास सोडला होता, पण रस्ता करायचा राहून गेला होता, आणि रस्ता कसा करतात हे त्याला ठाऊक नव्हतं.

गोदामातल्या मक्याला बुरशी धरू लागली, तेव्हा कारखान्यानं तो मागच्या खड्ड्यात ओतायला काढला. इकडं गल्लीलाही भोपळ्याचा वीट आला होता. पलीकडं काही पोचत नाही असं कळल्यावर एकेक घर गुपचूप जुन्या चवीकडं वळलं. खाटकानं हुकावरचे भोपळे काढले. जांभळ्या दुकानावरून गेला की तो सुरीकडं बघे, वर बघत नसे. त्याची सासू तोवर वारली होती.

एक दिवस जांभळ्या पिशवी घेऊन पूल ओलांडत होता आणि पिशवीकडं कुणी बघितलंच नाही. ताईच्या दारात भाची बसली होती. मामाला बघून तिनं जीभ बाहेर काढून दाखवली. जीभ, ओठ, हनुवटी, सगळं जांभळं.

"जांभळं कुठं मिळाली गं तुला?" त्यानं कौतुकानं विचारलं. विचारून झालं आणि मग त्याला कळलं, की या दिवसांत जांभळं नसतात.

आत चुलीवर पातेलं होतं. त्यात जांभळा मका शिजत होता.

"खूप पाण्यांनी धुतला," ताई म्हणाली. "सगळी वस्ती खड्ड्यावरून आणते."

"ताई, विष आहे ते. पोट दुखेल तिचं."

"दुखतंच. भुकेनंही असंच दुखायचं. आता निदान भरल्या पोटी दुखतं."

त्यानं फडक्यानं पातेलं धरलं आणि उचलून दाराबाहेर आला. ओतून द्यायचं म्हणून आला होता. भाची रडली नाही. आपलं पातेलं कुठं चाललंय ते तिनं नुसतं पाहिलं. तिच्या खिशात आता दगड नव्हते. जांभळ्या परत आत गेला आणि पातेलं होतं तिथं ठेवलं. पिशवीतलं पीठही शेजारी ठेवलं. ते किती दिवस पुरणार, हे त्यालाही माहीत होतं आणि ताईलाही.

शेडमध्ये नवीन पिल्लं आली, कोंबड्यांना पुन्हा भूक लागली आणि मक्याचे ट्रक बंदरावरून माघारी वळले. पहिला ट्रक फाटकात लागला तेव्हा साहेब स्वतः डबा घेऊन आले.

"खड्ड्यातलं उचलून खातात म्हणे लोक," ते म्हणाले. "पोरं आजारी पडताहेत. खड्डा संपला की इथला उचलतील. हे कडू आहे, रंगात मिसळ. तोंडात धरवलं नाही म्हणजे खाणार नाहीत. त्यांच्याच भल्यासाठी आहे."

जांभळ्यानं डब्यातलं थोडं कडू औषध रंगात ओतलं, पिचकारी भरली आणि मारली. ताडपत्रीखालून पिवळा निघालेला मका हळूहळू जांभळा होत गेला.

"चाखून बघ," साहेब म्हणाले. "एका दाण्यानं काही होत नाही."

त्यानं एक दाणा दाढेखाली फोडला. कडूपणा टाळूत शिरला, कानात शिरला, डोळ्यांतून पाणी काढलं. ते पाणी जांभळं होतं असं फाटकावरचा वॉचमन पुढं सांगत असे. पण तो दिवस तसल्या गोष्टींचा नव्हता, ते साधंच पाणी होतं.

"झाला का कडू?"

"झाला."

"मग खाणार नाहीत ना?"

जांभळ्यानं दाणा थुंकला नाही. चावून गिळला.

"खातील, साहेब."

"इतका कडू?"

"खातील."

साहेबांनी डबा पुन्हा त्याच्या हातात दिला. "मग अजून घाल," ते म्हणाले.

आणि त्यानं घातलं.