झेब्र्यांचं गणगोत

आमच्या ह्यांना माणसं आवडत नाहीत, मासे आवडतात. खायला नाही, नुसते बघायला.

चौऱ्याहत्तर साली नाशकात, सातपूरच्या कॉलनीत राहायला आलो तेव्हा ह्यांनी पहिल्याच महिन्यात डावीकडच्यांशी नळावरून, उजवीकडच्यांशी रेडिओवरून आणि समोरच्या भागीबाईशी कशावरून ते देव जाणे, भांडण उरकून घेतलं. सरकारी खात्यातला साधा कारकून, पण नाकावर माशी बसू देणार नाही. ही माणसं आपल्या पातळीची नाहीत, असं ठरवून टाकलं आणि मला ताकीद दिली की कुणाकडं जायचं नाही, कुणाला घरात घ्यायचं नाही. मी विंचूरची. कांद्याच्या दिवसांत आमच्या घरी पंगती उठता उठायच्या नाहीत. इथं दुपारी घड्याळाशी बोलायची वेळ आली. रडू यायचं, पण ते दाखवायला तरी कुणी हवं ना.

मग ब्याऐंशी साली ह्यांनी मुंबईहून काचेची पेटी आणली. त्यात बारा मासे, बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळे पट्टे. त्यांना झेब्रा म्हणतात म्हणे. हवेचा पंप दिवसरात्र गुरगुरायचा. संध्याकाळी ऑफिसातून आले की हे चपला काढायच्या आधी पेटीसमोर. मग माझी शिकवणी सुरू. हे मासे किती शांत, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. पण एकटा ठेवला तर कोपऱ्यात दडून बसतो, खात नाही, भीतीनं खंगून मरतो.

"त्याला आपलं गणगोत लागतं, शकू," असं सांगताना ह्यांचे डोळे भरून यायचे. मी पोळ्या लाटत ऐकायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पुढच्या वर्षी पितृपंधरवड्यात धरणाचं पाणी सोडलेलं होतं आणि गोदावरीच्या घाटाच्या पायऱ्या बुडालेल्या होत्या. भागीबाईकडं सासूच्या तिथीला गंगेवर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या घालायची रीत. आता जायचं कुठं? ह्यांची सायकल कोपऱ्यावरून वळलेली बघून ती पदराखाली वाटी घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

"तुमच्याकडं मासे हायेत ना? म्हातारी उपाशी ऱ्हायली तर लय तळमळंल," म्हणाली.

पुण्य मिळवायचं तेही बसभाड्याशिवाय. मला हसू आलं, पण मी तिला आत घेतलं. एकेक गोळी माशाच्या डोक्याहून मोठी. माशांनी ती हुंगली आणि सोडून दिली, ती जाऊन बसली तळाला. भागीबाईनं हात जोडले आणि म्हातारी जेवली म्हणून डोळे पुसले. जिवंतपणी दोघींचं एक दिवस पटलं नव्हतं, पण ते असो. मग चहा झाला. बोलता बोलता दुपार कुठं गेली कळलं नाही.

ती गेल्यावर पाणी नासू नये म्हणून मी चहाच्या गाळणीनं सगळ्या गोळ्या काढून टाकल्या.

बातमी कॉलनीभर झाली. सरुबाई सासऱ्यासाठी आली, कुणी आत्यासाठी, कुणी तर तिथी नसतानाही वाटी घेऊन आली. शुद्ध मूर्खपणा. पण घरात हसण्याबोलण्याचा आवाज होता, आणि मला जिवात जीव आल्यासारखं झालं. रोज चहाची भांडी विसळून ठेवायची आणि मग गाळणी घेऊन पितरांचं उरलेलं काढायचं, हा माझा उद्योग.

कुणी ह्यांच्या कानावर घातलं कोण जाणे, सर्वपित्रीला हे दुपारीच घरी आले. भागीबाई नेमकी पेटीच्या पाया पडत होती.

"माझ्या माशांना तुमची सासू करू नका. उठा," हे दारातूनच म्हणाले.

बायका वाट्या उचलून निमूट गेल्या. मग माझी पाळी. अडाणी बायकांना गोळा करून मी मासे मारायला निघाले होते म्हणे, आणि आता कुणाचं पाऊल घरात दिसलं तर याद राख. पेटीतलं पाणी नितळ होतं, एक मासा मेला नव्हता, ते ह्यांना दिसलं नाही. मला ह्यांचा इतका राग आला की उत्तर द्यायचीसुद्धा किळस वाटली.

दुसऱ्या दिवशी सायकल वळली आणि मी तीच गाळणी घेतली. पेटीतलंच पाणी कळशीत भरलं, त्यात अकरा मासे घेतले आणि रस्ता ओलांडून भागीबाईकडं गेले. तिच्या नवऱ्याचा फुलांचा धंदा. परसात फुलं ताजी ठेवायची दगडी डोणी होती, ती आम्ही घासून माशांना दिली.

संध्याकाळी हे पेटीसमोर बसले आणि ओरडलेच. मी सांगितलं, बाकीचे भागीबाईकडं सुखात आहेत.

"अगं, हा एकटा मरेल."

"नाही मरत," मी म्हणाले. "मी नऊ वर्षं राहिले की."

त्या रात्री हे जेवले नाहीत. मासा दगडाआड दडून राहिला, त्यानंही काही खाल्लं नाही. मी मात्र रोज दुपारी मासे बघायला समोर जायला लागले, कुणाला न विचारता.

तीन-चार दिवसांनी आम्ही बायका डोणीपाशी शेवंतीचे हार ओवत बसलो होतो, तर परसाच्या दारात हे. हातात माझाच स्टीलचा डबा, त्यात तो मासा. ज्या उंबऱ्याला कधी पाय लावला नाही, त्याच्याबाहेर चपला काढून उभे.

"याला इथं सोडू का?" डब्याकडं बघत हे म्हणाले.

"सोडा की," भागीबाई म्हणाली. "आन बसा, च्या टाकते."

मासा पाण्यात पडला तो थेट थव्यात घुसला, त्यातला कुठला तो ओळखूही येईना. हे मात्र लांबूनही ओळखू येत होते. सगळ्या बायकांमध्ये हे एकटे, भिंतीला टेकून, अंग चोरून बसलेले, आणि समोरच्या चहावर साय धरलेली.

"घ्या हो," मी म्हणाले. "नवीन आहात, बुजायला होतंच."